मेंढरांची हाक

ऑस्ट्रेलियात नोकरीला गेलेल्या ज्ञानेश्वरीनं व्हिडिओ कॉलवर आईला भिंतीवरचा वीतभर नाकतोडा दाखवला.

"कोकरावानी तोंड हाय की त्याचं!" संभाजीनगरात, पडेगावच्या फ्लॅटमध्ये बसलेली बानाबाई हसली. कळप विकून वर्षं लोटली होती, तरी गमतीनं तिनं टाळूवर जीभ वाजवून मेंढरांना बोलवायची हाक दिली.

नाकतोड्यानं मान वळवली. तो फोनकडं चालू लागला.

"माय, परत नको वाजवू! पलंगाखालनं अजून लई निघाले!"

फोनचा पडदा काळा झाला.

"ज्ञानू? बोल की गं."

फोनमधून टाळूवरची तीच हाक आली. हुबेहूब बानाबाईची. तिची जीभ तर जागची हलली नव्हती.

फोन खाटेवर टाकून ती दाराकडं पळाली. हाक पुन्हा आली, आणि तिचे पाय माघारी वळले.