पंचविसावा फॉर्म

तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख दिवसभर प्रवेशाच्या टेबलाशी घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते, "आवडीचा विषय घ्या रे, नोकरीचं मागाहून बघू." पंचवीस मुलं झाली नाहीत, तर विभागाला टाळंच लागणार होतं. संध्याकाळपर्यंत कशीबशी चोवीस जमली.

घरी येतात तोच मुलीने हसत आपला फॉर्म पुढे केला. मुख्य विषय : तत्त्वज्ञान.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फॉर्म टराटरा फाडला. "डोकं फिरलंय का तुझं? पुढे खाशील काय?"

"पण बाबा, पंचविसावी मी झाले असते! तुमचा विभाग वाचला असता!"

"तू गपचूप कॉम्प्युटरचा फॉर्म भर!" सर कडाडले. "पंचविसावं मी उद्या आणतो पकडून, कुणाचं तरी पोर."