धक्क्यावरचा भोंगा

"दादा, धुक्यात मोठ्या जहाजाला ऐकू जाईल असा भोंगा द्या," चांगुणा म्हणाली. गेल्या वर्षी धुक्यातच एका जहाजाने तिच्या दिराची होडी बुडवली. त्याचं प्रेतही मिळालं नाही. आता तिचा नवरा समुद्रावर निघाला होता.

बंदरावर नव्यानेच आलेल्या दुकानदाराने दोन हातभोंगे पुढे ठेवले. आवाज ऐकवायला त्याने दारात जाऊन त्यातला मोठा वाजवलासुद्धा.

"अहो, इथे नको!" चांगुणा ओरडली. या धक्क्यावर भोंगा वाजतो तो होडी मयत घेऊन आली तरच.

घराघरांतून बाया धावत आल्या. काही नाही हे कळल्यावर दुकानदाराला शिव्या घालत परतल्या.

सासू तेवढी थांबली. तिच्या हातात घडीची कोरी चादर होती.

"सापडला का गं?" तिने विचारलं.