पातं लख्खच राहिलं

फुलाबाईनं जिताडा चिरला आणि विळीचं पातं उजेडात धरलं. माशात पारा असला की ही नवी पाती लगेच निळी पडत. आज पातं लख्खच होतं.

"विळी बिघडली असंल," ती पुटपुटली.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या देवकूनं शेजारची विळी मागून आणली. तीही लख्खच राहिली.

"आता तरी रांध ना गो, आये!"

फुलाबाईचा हात पुढे होईना. थोरल्या धर्माच्या वेळी दिवस गेले असताना ती रोज खाडीचीच मासळी खायची. कारखान्यांचा पारा माशांत उतरतो, हे तेव्हा कोळीवाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. धर्मा चालायला, बोलायला फार उशिरा लागला. अजूनही तो शब्द शोधत शोधत बोलायचा.

पुढे गावानं खाडीकाठी नवी तिवरं लावली. प्रयोगशाळेत घडवलेली ती झाडं चिखलातला पारा ओढून मुळांत धरून ठेवत. हळूहळू लहान मासे स्वच्छ निघू लागले. त्यांना खाऊन वाढणारा जिताडा मात्र आजवर पातं निळंच करत आला होता.

शेवटी तिनं कालवण केलं. पहिलं ताट तिनं धर्मापुढे ठेवलं, कारण कमरेएवढ्या चिखलात उतरून सगळ्यांत जास्त रोपं त्यानंच लावली होती.

धर्मानं ते ताट बहिणीपुढे सरकवलं.

"आधी... हिला," तो म्हणाला. "ही... दोन जिवांची."

फुलाबाईनं देवकूच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.