मडक्यातला आवाज

"रंगांत मी अडकून पडले होते. मग मातीत हात घातला, मग कॅमेरा धरला. आणि आता आवाज..."

पत्रकाराला सांगता सांगता तिचं दाराकडे लक्ष गेलं आणि वाक्य तोंडातच राहिलं. दारात आत्या उभी होती, वडिलांचा दंड धरून.

वडिलांना तिने प्रदर्शनाला बोलावलंच नव्हतं. जिने फार आहेत, तुम्हाला झेपायचे नाहीत, असं सांगून ठेवलं होतं.

"अगं, दालन तर तळमजल्यावरच आहे की!" आत्या लांबूनच म्हणाली. "पेपरात वाचलं. म्हटलं, चित्रं झाली, गाडगी झाली, आता ही हवा विकायला बसलीय का, ते बघून तरी येऊ."

लोक हसले. तीही हसली, कसनुसं.

छताला मडकी टांगली होती, बरोबर कानाच्या उंचीवर. प्रत्येकात एक छोटा स्पीकर होता आणि सगळ्यांतून एकच आवाज येत होता. घोगरा, तुटका. "पा... पा... प्..." पुढचं अक्षर येतच नव्हतं. लोक मडक्यांना कान लावून डोळे मिटून उभे होते.

"पाऊस म्हणतोय," एक बाई म्हणाली.

"छे! पाप," एक दाढीवाला म्हणाला.

"हा शब्दाच्या अलीकडचा आवाज आहे," दालनाचा मालक म्हणाला. दोघांनीही माना डोलावल्या. सकाळपासून ती याच कौतुकावर तरंगत होती.

वडील काठी टेकत एका मडक्यापाशी गेले. अर्धांगवायूतून ते उठले त्याला वर्ष होत आलं होतं. बोलणं परत आलं होतं, पण एकेक शब्द चढण चढून आल्यासारखा दमून यायचा. त्यांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. जाऊन वायर उपटावी असं तिला वाटलं.

"पाणी... मागतोय," वडील म्हणाले.

"वा!" पत्रकाराने लगेच टिपून घेतलं.

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "दिलं का... कुणी?"

तिला ती दुपार आठवली. पहिल्याच 'पा'ला तिला कळलं होतं. पेला तर तिच्या हातातच होता, भरलेला. दुसऱ्या हातात फोन होता आणि तो चालू होता. अजून थोडं, अजून एकदा, असं करत ती थांबून राहिली होती. वडील पेल्याकडे बघत होते. शेवटच्या 'प'ला तर आवाजच फुटला नव्हता, नुसते ओठ एकमेकांवर आपटले होते. आज लोकांना सगळ्यात जास्त आवडला होता तो तोच.

"दिलं, बाबा."

"लगेच... दिलंस?"

आत्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. पत्रकाराचं पेन थांबलं. हो म्हणाली असती तर कोण खोटं पाडणार होतं?

"नाही," ती म्हणाली. मग मान खाली घालून पुन्हा, "नाही, बाबा."

ते रागावतील म्हणून ती वाट बघत राहिली. ते रागावले नाहीत. नुसती मान हलवली आणि परत मडक्याकडे वळले. ते किंचित झुलत होतं. त्यांनी चांगला हात त्याच्या पोटावर ठेवून ते थांबवलं, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि आजाऱ्याची समजूत काढावी तसं हळूच म्हणाले,

"थांब हं... आणतेय ती."