कागदावरचं मांजर

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दोआनसाहेबांनी रेडिओवरून सांगितलं, की ज्यांनी कागदावर खोटं लिहिलं त्यांच्या फायली उघडायलाच हव्यात. मग माणूस काल आलेला असो की चाळीस वर्षांपूर्वी.

परदेशात वसलेल्या व्हिएतनामींच्या लिटल सायगॉन वस्तीवरून समुद्राचं धुकं अजून उठलं नव्हतं. त्या धुक्यात शिवणयंत्रं, नखं रंगवायची दुकानं आणि सूपची पातेली दोआनसाहेबांचा आवाज ऐकत होती. आठवड्याच्या बातम्यांवर बोलायला त्यांना चाळीस मिनिटं मिळत. त्यातली दहा सरहद्दीवर जात, दहा वंशाच्या नावानं सवलती मागणाऱ्यांवर, आणि उरलेली वीस आपण व्हिएतनामी कसे नियमानं, रांगेत उभे राहून या देशात आलो यावर. ही वीस मिनिटं सगळ्यांना पाठ होती, तरी आवडत. आपलं कौतुक कुणाला शिळं लागतं?

पहिला फोन थोआबाईंचा. दर शनिवारी त्या ‘शाबास भाऊ’ म्हणत आणि ठेवून देत. आज ठेवीनात.

“भाऊ, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचार की ताई.”

“मी साठ सालची, म्हणजे आपल्या बारा जनावरांच्या पंचांगात उंदराच्या वर्षातली. निर्वासितांच्या छावणीत सगळे म्हणाले, वय तीन वर्षं कमी सांग, तिकडं शाळेत घेतील. सांगितलं. तेव्हापासून मी कागदावर मांजर.”

काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारा खोई फिस्सकन हसला.

“हसतंय कोण तिकडं? अरे, त्यापायी पेन्शन तीन वर्षं उशिरा. म्हणजे नखांच्या दुकानात तीन वर्षं जास्तच लोकांच्या टाचा घासल्या मी. सरकारचं काही खाल्लं नाही. पण खोटं ते खोटंच ना, भाऊ? तुम्ही म्हणता ती फाइल माझीच ना? नातवंडं इथं आहेत माझी. मला आता कुठं धाडतील?”

उत्तर तयार होतं. मघाशीच दिलेलं होतं. खोईनं जाहिरात लावू का म्हणून बोट उचललं. दोआनसाहेबांनी नको म्हणून मान हलवली.

“ताई,” ते म्हणाले, आणि हा आवाज रेडिओवरचा नव्हता, घरातला होता. “मी पंचावन्नचा. बोकडाच्या वर्षातला. चोवीसचा होतो, सतरा सांगितले. कागदावर वाघ आहे मी.”



“अगं बाई! म्हणजे तुम्ही सत्तरी ओलांडली? आणि तुमचीही फाइल?”

“माझी आधी. बोललो ते मी मागं घेत नाही, ताई. कुणी विचारलं तर खरं सांगेन. तूही सांग. भिऊ नकोस, त्या कचेरीच्या दारात तुझ्यापुढं मी उभा असेन.”

फोनचे पाचही दिवे लागले.

“मी डुक्कर. कागदावर ड्रॅगन.”

“मी कोंबडा. मेलेल्या भावाच्या कागदावर आलो. तो साप होता.”

एक म्हातारी तर नुसतं “घोडी” म्हणाली आणि लाजून फोन ठेवला. मत कुणीच देत नव्हतं. धुक्यातून एकेक जनावर येई, दोआनसाहेबांच्या टेबलाशी थबके आणि निघून जाई. खोई जाहिराती विसरला.

शेवटी पन्नाशीकडे झुकलेला वाटणारा एक पुरुष बोलला. “काका, माझं जन्मसाल फक्त आईला ठाऊक होतं. मी तान्हा होतो. समुद्रातून पळून येताना ती बोटीवरच गेली. छावणीतल्या साहेबानं अंदाजानं काहीतरी लिहिलं. मला कुठलं जनावर देता?”

“तूच निवड, बाळा.”

 

“म्हैस चालेल,” तो म्हणाला. “म्हशीला पोहता येतं.”