ऑक्टोबरातला पतंग

ड्रेस्डेनमधला सकाळचा उजेड घाई करीत नसे. आधी तो समोरच्या कौलांवर राखेसारखा बसे. मग काचेवरच्या दवातून हळूहळू आत झिरपे, हीटरपाशी थबके, वाळत घातलेल्या शर्टाच्या बाहीवर पिवळसर होई आणि अखेर टेबलावर निहारच्या हातांजवळ येऊन थांबे. तोवर निहार मेल उघडत नसे.

मेल रोज स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनहून येई. खाली सही असे: प्रदीपकाका. काका निवृत्त अभियंते, पण जीव पतंगांत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले निसर्गाभ्यासक एकमेकांना टिपणे पाठवीत, तशीच ही मेल असे: आधी हवा, मग वारा, मग कीटक. निहार पीएच.डी.साठी या देशात आला तेव्हा काकांनीच ही रीत घालून दिली होती. विषय एकच, दुसऱ्या कशाचे तरी सोंग घेणारे पतंग. ती मेल थांबली असती, तर सकाळी उठायचे कशासाठी, हे निहारला सांगता आले नसते.

आज लिहिले होते: "हवा ढगाळ. वारा नाही. पॉप्लरच्या खोडावर गांधीलमाशीचे सोंग घेतलेला पतंग दिसला. पंख पारदर्शक."

निहारने ती ओळ पुन्हा वाचली. तो पतंग उन्हाळ्यात उडतो. ऑक्टोबरात तो नसतोच. काकांच्या हातून अशी चूक शक्य नव्हती.

हे काकांनी लिहिले नव्हते.

बरे नसल्याचे प्रयोगशाळेत कळवून त्याने स्टुटगार्टची गाडी धरली. वाटभर एकच भीती होती: दार उघडल्यावर काकू काय बोलतील.

कुमुदिनीकाकूंनी दार अर्धेच उघडले.

"अरे, न कळवता? वाळलास किती. नुसते त्या मेन्झा कँटीनमधले बटाटे खातोस ना?"

"काका?"

त्या क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. "पडलेत जरा. हाक मारू नकोस."

"बरं, पडू द्या त्यांना," निहार म्हणाला.

आतल्या खोलीचे दार बंद होते. स्वयंपाकघरात काकूंनी चहा ठेवला.

"काकू, आजच्या मेलमधला पतंग आत्ता दिसत नाही. उन्हाळ्यातला आहे तो."

काकू पाठमोऱ्याच राहिल्या. चहा उतू गेला, तरी त्यांचा हात हलला नाही.

"म्हणजे ह्यांचं चुकलं."

"हो."

"मग? आता वाचणार नाहीस ह्यांच्या मेल?"

निहारने पुढे होऊन शेगडी बंद केली.

"ऑक्टोबरात एक हिरवा पतंग येतो," तो हळूच म्हणाला. "ओकच्या सालीवर बसतो. अगदी दगडफुलासारखा."

"गोड्या मसाल्यातलं दगडफूल?"

"गेनाऊ. तेच."

"बरं. सांगते ह्यांना."

"आणि काका वाऱ्याची दिशा लिहितात. नुसतं 'वारा नाही' असं कधीच लिहीत नाहीत."

काकूंनी मान हलवली. निहारने कप उचलला. बंद दाराकडे पाहिले नाही. मे महिन्यात, क्रेमाटोरियममध्ये, काकांची शवपेटी आत सोडणारी कळ त्यानेच दाबली होती.