नवऱ्याची लाल रेघ

पुन्हा लाल रेघ आली.

तिने चष्मा पुसला आणि वाक्य परत वाचलं. ‘त्याला बायकोच्या हातचा चहा फार आवडायचा.’ आता यात काय चुकलं? शाळेत भाषा शिकवण्यात तिची हयात गेली होती. ऱ्हस्व-दीर्घ तिला कोणी शिकवायला नको होतं. शब्द खोडून तिने पुन्हा टाइप केले. पुन्हा तेच, अख्ख्या वाक्याखाली रेघ.

कॉम्प्युटर नवऱ्याचा. या लाल रेघेशी तो वर्षानुवर्षं भांडला. त्याच्या कादंबरीतल्या माणसांनी तोंड उघडायचा अवकाश, की स्क्रीन लालेलाल. “अरे गाढवा, माझी माणसं अशीच बोलतात!” तो खोलीतून ओरडायचा आणि स्वयंपाकघरात तिला हसू फुटायचं. मग तो हट्टाने एकेक शब्द मशीनच्या शब्दकोशात घालायचा. पुढे पुढे भांडण मिटलं. “आता ते माझ्या मनातलं ओळखतं,” असं तो म्हणायला लागला. ती म्हणायची, “चला, कोणीतरी ओळखतंय!”

तो गेला आणि कादंबरी शेवटच्या प्रकरणात अडकली. प्रकाशक म्हणाले, तुम्हीच पुरी करा, त्यांचं लिखाण तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? नायक म्हणजे नवराच होता, टकलासकट, तिरसटपणासकट. तेव्हा शेवटही त्याचाच द्यायचा असं तिने ठरवलं. नायक गच्चीवरून पडणार होता.

त्या दिवशी गच्चीवर दोघंच होते, नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ. भाऊच धावत खाली आला होता. “वहिनी, दादाचा पाय घसरला!” लोक तोंडावर हळहळले आणि पाठीमागे कुजबुजले. लेखक माणूस, विक्षिप्त, उडी मारली असेल. ते तिच्या कानावर आलंच. त्याच सकाळी ती त्याला वाट्टेल ते बोलली होती. धाकटा घर विकायचं म्हणून मागे लागला होता आणि नवरा ऐकत नव्हता. “विकून टाका एकदाचं, रोजची कटकट नको!” असं ती किंचाळली होती. आपल्या बोलण्याने त्याने जीव दिला का? तेव्हापासून या एका प्रश्नाने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

चहाच्या वाक्याकडे पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने ते बदललं. ‘बायकोचा चहा तो निमूटपणे घशाखाली ढकलायचा.’

रेघ गेली.

“एवढी वर्षं बोलला का नाहीत हो!” ती स्क्रीनला म्हणाली. आधी हसली आणि मग डोळे भरून आले. तिने आणखी एक लिहिलं. ‘तो कशालाच घाबरायचा नाही.’ लाल रेघ. ‘तो पालीला घाबरायचा.’ रेघ नाही. ही गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला.

दीर खोलीत आला. घराच्या व्यवहाराचं बघायला हल्ली तो रोज यायचा.

“अजून त्या डबड्यापुढेच? दमाल, वहिनी.”

“भावजी, बघा ना. हे खोटं लिहूच देत नाही.” तिने त्याला घाबरण्याची दोन्ही वाक्यं दाखवली.

“मशीनला काय डोंबल कळतंय!” तो हसला. पण गेला नाही. तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

तिने लिहिलं, ‘तो गच्चीच्या कठड्यापाशी आला.’ रेघ नाही. ‘त्याचा पाय घसरला.’

लाल रेघ.

म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं. उठून जावं, मशीन बंद करावं, कादंबरी गेली खड्ड्यात. पण आता कळल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं. एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, ‘त्याने उडी मारली.’ आणि डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा वाक्याखाली लाल रेघ होती.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडली. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून नेला होता. तो तिला टाकून गेला नव्हता. तिच्या शब्दाने गेला नव्हता.

“भावजी, ह्यांनी जीव नाही दिला हो! नाही दिला!”

मागे पावलं वाजली. पदराने डोळे पुसत तिने स्क्रीनवरची दोन्ही वाक्यं पुन्हा वाचली. दोन्हींखाली रेघ होती.

“पण मग,” ती वळत म्हणाली, “त्या दिवशी वर झालं तरी काय?”

दीर दारापाशी पोचला होता. बाहेर न जाता त्याने दार लोटलं आणि आतून कडी घातली.